पेंटरचा विसावा दिवस

पेंटरने दारू सोडली त्याला एकोणीस दिवस झाले होते, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं ते विसाव्या दिवसामुळे.

यापूर्वी त्याने तीनदा दारू सोडली होती. तिन्ही वेळा ती विसाव्या दिवशी परत आली. पहिल्या खेपेला, एकोणीस दिवस पाळले याचा आनंद साजरा करताना. दुसऱ्या खेपेला, हिरव्या रंगात पाटी करून घेतलेलं गिऱ्हाईक आपण निळाच सांगितला होता म्हणून हटून बसलं, त्या रागात. तिसऱ्या खेपेला काहीच कारण नव्हतं. तो कारण शोधायला घराबाहेर पडला आणि तासाभरात ते सापडलं. एकोणीस दिवस माणूस स्वतःला घाबरून असतो, असं त्याचं निदान होतं. विसाव्या दिवशी त्याला वाटू लागतं की आपण सुटलो. आणि सुटलेल्या माणसाने एकच घेतली तर बिघडतं कुठे?

हे सगळं त्याने डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चिठ्ठी लिहून दिली. वाचनालयाची इमारत, दुसरा मजला, गुरुवार, संध्याकाळी पाच.

"तिथे दारू सोडलेले लोक भेटतात," त्या म्हणाल्या. "भाषण नाही, औषध नाही. एकमेकांशी बोलतात, एवढंच. कोणी कोणाचं नाव विचारत नाही, आणि तिथे कोण भेटलं ते बाहेर सांगत नाही. आणि हो, बाहेर पाटी नाही."

"पाटी नाही?" पेंटर खुर्चीत ताठ झाला. "का? मी फुकट रंगवून देतो."

"मुद्दामच नाही लावलेली. येणाऱ्यांना लाज वाटू नये म्हणून."

"पण मग येणाऱ्यांना कळणार कसं?"

डॉक्टरीणबाईंनी पुढचा पेशंट आत बोलावला.

पेंटर बावीस वर्षं पाट्या रंगवत होता. ज्या गोष्टीवर पाटी नाही ती गोष्ट जगात असू शकते, हे त्याच्या बुद्धीला पटत नव्हतं. दवाखाना, दुकान, शाळा, स्मशान, सगळ्याला पाटी असते. आणि दारूच्या गुत्त्याला तर तीन होत्या. त्या त्यानेच रंगवल्या होत्या. तीन रस्त्यांवर तीन लाल बाण, कुठूनही या, चुकणार नाही. मालकाने मजुरी रोख न देता आतल्या आत फेडली होती, त्यामुळे बाण फार मन लावून निघाले होते.

गुरुवार उजाडला. तोच विसावा दिवस. पेंटर सव्वाचारला चपला घालत होता, तेवढ्यात सासूबाई आतून छत्री आपटत आल्या.

"जावईबापू, मी येते."

"आई, तुमचा गुडघा दुखतोय."

"गुडघ्याला नाही न्यायचं, तुम्हाला न्यायचं आहे."

सासूबाई एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या. कंडक्टरला, बाई असो की बुवा, सगळे मास्तर म्हणत, आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांच्या अंगातला मास्तर काही उतरला नव्हता. घरात जेवायची वेळ झाली की त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सांगत, "चला, पुढे सरका, मागच्यांना जागा द्या." घरात माणसं तीन.

"अगं, तू कशाला जातेस?" पेंटरची बायको म्हणाली. "ह्यांना संकोच वाटेल."

"त्यांना पत्ता सापडणार नाही. हे फक्त वाचतात. कोणाला काही विचारायचं म्हटलं की यांच्या जिभेला गाठ पडते."

हे खरं होतं. पेंटरने बायकोकडे पाहिलं. तिने त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं, आणि ते लावायला जरा जास्तच वेळ घेतला.

इमारत जुनी, तीन मजली, मध्ये फरसबंद अंगण. खाली वाचनालय. जिन्यापाशी स्टुलावर वॉचमन. पेंटर मान खाली घालून त्याच्या बाजूने सटकत होता, इतक्यात सासूबाईंनी छत्री टेकून विचारलं, "काय हो, ती दारुड्यांची बैठक कुठल्या खोलीत असते?"

वाचनालयातल्या सात माणसांनी वर्तमानपत्रं खाली केली.

"आई, हळू!"

"का? बैठकीचं विचारतेय, गुत्त्याचं नाही."

"असं काही इथे नसतं," वॉचमन म्हणाला. फार पटकन म्हणाला, आणि म्हणताना छताकडे पाहिलं.

सासूबाईंनी त्याला नीट न्याहाळलं. "जावईबापू, तुम्ही वर जाऊन बघा. मी जरा ह्यांच्याशी बोलते. एकतीस वर्षं तिकीट न काढलेली तोंडं बघितली आहेत. हे त्यातलं आहे."

दुसऱ्या मजल्यावर चार दारं होती. पाट्या चारही दारांवर होत्या आणि चारही पेंटरच्याच हातच्या होत्या, सात वर्षांपूर्वीच्या. टंकलेखन वर्ग. जुने दप्तर. सभागृह. भांडार, प्रवेश नाही. टंकलेखन वर्गाला कुलूप. जुन्या दप्तराच्या दाराला कोळ्याने जाळं विणलेलं. भांडारात प्रवेश नव्हता, आणि स्वतःच्या हाताने लिहिलेल्या गोष्टीवर पेंटर शंका घेत नसे. राहिलं सभागृह. त्याने दाराच्या फटीतून पाहिलं. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या. सहा माणसं, गंभीर चेहऱ्यांची, कोणाची तरी वाट पाहत बसलेली.

पेंटरचा जीव भांड्यात पडला. त्याने दार ढकललं, घसा साफ केला आणि दम लागायच्या आत सांगून टाकलं, "मी पेंटर. एकोणीस दिवस झाले. आज विसावा. मला भीती वाटते."

सहाही माणसं उठून उभी राहिली. टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सात झाले!" ते ओरडले. "सात झाले हो!"

कोणीतरी पेंटरला खुर्चीत दाबून बसवलं, कोणीतरी दाराला आतून कडी घातली. पेंटरला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. मग त्याला शेजारच्या खुर्चीखाली टोपली दिसली, आणि टोपलीतून एक कबुतर त्याच्याकडे एका डोळ्याने बघताना दिसलं.

"वार्षिक सभा सुरू होत आहे," म्हातारे गृहस्थ म्हणाले. "दोन वर्षं आपण सहाच जण जमत होतो आणि सभा तहकूब होत होती. नियमाप्रमाणे सात लागतात. आज हे गृहस्थ देवासारखे आले. कबुतरपालक मंडळाच्या वतीने मी त्यांचं स्वागत करतो."

"माफ करा," पेंटर उठू लागला, "माझ्याकडे कबुतर नाही."

"येईल, येईल. आधी ठराव."

पहिला ठराव मांजरांच्या निषेधाचा होता. तो एकमताने झाला. दुसरा, मंडळाच्या उपाध्यक्षांना मंडळाला न विचारता कबुतरं विकल्याबद्दल पदावरून काढण्याचा. तोही झाला, उपाध्यक्षांनीच आधी हात वर केला, कारण त्यांना दोन वर्षांपासून सुटायचं होतं. तिसऱ्या ठरावाने पेंटर उपाध्यक्ष झाला. त्याने सही केली, कारण घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती आणि सही केल्याशिवाय कडी निघणार नाही, असं दिसत होतं.

"ती भीती वाटते म्हणालात," निघताना म्हाताऱ्या गृहस्थांनी आपुलकीने विचारलं, "ती चोचीची का?"

पेंटर जिना उतरून अंगणात आला. सासूबाई अजून वॉचमनपाशीच होत्या आणि वॉचमनच्या कपाळावर घाम होता.

"सापडली?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी कबुतरवाल्यांचा उपाध्यक्ष झालो."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. अशा उत्तराने गडबडायच्या त्या नव्हत्या. "हा मेला तोंड उघडत नाही. याने कोणाला तरी शब्द दिलाय."

पेंटर फाटकाकडे पाहत होता. फाटकातून समोरचा रस्ता दिसत होता, रस्त्याच्या टोकाला खांब, आणि खांबावर लाल बाण. आणि त्याच्या मनात एक विचार अगदी शहाण्यासारखा येऊन बसला. आपण शोधली ना? प्रामाणिकपणे शोधली. दोन जिने चढलो. नाही सापडली तर आपला काय दोष? आता हे कारण आयतंच हाताशी आहे, आणि तेही इतकं सज्जन कारण की डॉक्टरीणबाईंनाही नाकारता येणार नाही.

"आई, तुम्ही रिक्षाने घरी जा," तो म्हणाला. "मी जरा पाय मोकळे करून येतो."

सासूबाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं. पाय फाटकाच्या दिशेने निघालेच होते. त्या धावू शकत नव्हत्या. हात धरून ठेवण्याएवढी ताकद नव्हती. एकच गोष्ट त्यांच्याकडे शाबूत होती. त्या अंगणाच्या बरोबर मध्ये गेल्या, छत्री वर केली, आणि एकतीस वर्षं ज्या आवाजाने सहा फलाटांचा गोंगाट कापत होत्या तो आवाज लावला.

"दारू सोडणारे! दारू सोडणारे पुढे या! एकच सीट आहे, एकच! दारू सोडणारे!"

वाचनालयातला एक जण खुर्चीसकट मागे पडला. पेंटर जागच्या जागी खिळला. लाजेने त्याचे कान तापले, पण पाय थांबले, हेही खरं. इमारतीच्या खिडक्या फटाफट उघडल्या. पहिल्या मजल्यावर शिवणवर्गाच्या आठ मुली एका खिडकीत कोंबल्या गेल्या. सभागृहाच्या खिडकीतून कबुतरपालक मंडळ वाकलं आणि म्हाताऱ्या अध्यक्षांनी आपल्या नव्या उपाध्यक्षांना हात हलवून दाखवला. जो तो मजा बघायला बाहेर.

आणि दुसऱ्या मजल्यावरची डावीकडून चौथी खिडकी आतून धाडकन बंद झाली.

सासूबाईंनी छत्री खाली घेतली.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "एवढा तमाशा चाललाय आणि एकाला बघायचा नाही. चला."

"आई, ते भांडार आहे. प्रवेश नाही. पाटी मीच लिहिली आहे."

"मग तुम्ही खोटं लिहिलंय."

वॉचमनने डोळे मिटून घेतले. त्याने शब्द पाळला होता; आता खिडकीने तोंड उघडलं त्याला तो काय करणार?

भांडाराच्या दारापाशी दोघं पोचली तेव्हा आतून दिवा मालवल्याचा खटका ऐकू आला. पेंटरने टकटक केली. आत कोणीतरी श्वास रोखला.

"कोणी नाही," आतून बाईचा आवाज आला.

"कोणीच नाही," दुसऱ्या एका पुरुषी आवाजाने दुजोरा दिला.

"कोणी नसेल तर कडी काढा," सासूबाई म्हणाल्या.

आत कुजबुज झाली, मतभेद झाले, आणि अखेर कडी निघाली. मोडक्या कपाटांच्या आणि झाडूंच्या मधोमध चार खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर चष्मेवाल्या बाई. त्या शेजारच्याच खोलीत टंकलेखन शिकवत आणि गुरुवारी वर्गाला सुट्टी का असते, हे विद्यार्थ्यांना कधी कळलं नव्हतं. दुसरीवर एक गोलमटोल बेकरीवाला, कोटाच्या बाह्यांना पीठ लागलेलं. तिसरीवर एक मेकॅनिक, ज्याला सगळे सायलेन्सर म्हणत, कारण तो फारसा बोलत नसे. चौथी खुर्ची रिकामी होती. तिचा धनी खिडकीपाशी, झाडूंच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"माफ करा हं," टायपिंगच्या बाई म्हणाल्या. "चौदा महिन्यांत नवीन कोणी आलंच नाही. आम्हाला सवय राहिली नाही."

"आम्हाला वाटलं, गावाची सुटली," बेकरीवाला म्हणाला.

"खाली वॉचमन सांगतो की असं काही इथे नसतं," पेंटर म्हणाला.

बसलेल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आम्हीच सांगितलं होतं त्याला," टायपिंगच्या बाई हळूच म्हणाल्या. "तो इतका मन लावून सांगत असेल, असं नव्हतं वाटलं."

सासूबाईंचं इकडे लक्षच नव्हतं. त्या झाडूंमागच्या पाठीकडे बघत होत्या. रुंद पाठ, डावा खांदा जरा खाली. या पाठीच्या मागे त्या नऊ वर्षं उभ्या राहिल्या होत्या, सकाळी सहा दहापासून. दोनदा घंटा मारायची आणि ती पाठ हलायची. अंगणातून आवाज आला आणि ही पाठ खिडकी लावून झाडूंमागे का गेली, ते आता त्यांना कळलं. आणि त्या नऊ वर्षांत त्यांच्या बसचा हा ड्रायव्हर सदा लवंगा का चघळायचा, तेही आत्ता कळलं. त्यांनी त्याला पित्ताच्या पुड्या आणून दिल्या होत्या. एक नाही, पंधरा-वीस.

ड्रायव्हर सावकाश वळला. शिक्षेला उभ्या केलेल्या मुलासारखं तोंड करून म्हणाला, "मास्तर... ड्यूटीवर कधीच नाही. शप्पथ."

सासूबाईंनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पोटात ठेवली नव्हती. शेजारच्यांच्या सुनेचं वय त्यांनी तीन गल्ल्यांना सांगितलं होतं. पेंटरने डोळे मिटले.

"मी तुम्हाला ओळखत नाही," सासूबाई म्हणाल्या. मग पदराने नाक पुसलं. "जावईबापू, मी जिन्यात बसते. तुमचं चालू द्या."

दार लागलं. सायलेन्सरने कोपऱ्यातून पाचवी खुर्ची ओढून आणली. तिला तीनच पाय होते, म्हणून चौथ्या पायाच्या जागी रद्दीचा गठ्ठा लावला. पेंटर बसला. मघाशी सभागृहात त्याने सगळं एका दमात सांगितलं होतं, पण आता तो सदऱ्याचं वरचं बटण काढून पुन्हा लावत बसला. कबुतरांसमोर सोपं होतं.

"आज विसावा," तो शेवटी म्हणाला. "मी नेहमी विसाव्याला पडतो."

कोणी हसलं नाही. कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत.

"माझा नववा असायचा," टायपिंगच्या बाई म्हणाल्या. "आठवडाभर ठीक, आठव्याला ठीक, नवव्याला मी पाहुण्यांच्या घरातसुद्धा कपाटं उघडायची."

"माझा रविवार," बेकरीवाला म्हणाला. "कुठलाही."

"मघाशी," पेंटर म्हणाला, "मी फाटकातून बाहेर निघालो होतो. तुम्ही सापडला नाहीत म्हणून मला बरं वाटलं होतं. खरं सांगतो. आनंद झाला होता." आणि एवढं बोलून तो रडू लागला, मग रडता रडता त्याला उपाध्यक्षपद आठवलं आणि त्याने तेही सांगितलं, मांजरांच्या ठरावासकट. तेव्हा मात्र सगळे हसले. सायलेन्सर एवढा हसला की रद्दीचा गठ्ठा सरकला आणि पेंटर जमिनीवर आला.

सहा वाजता बैठक संपली. पेंटर दारातच घुटमळला.

"विसावा दिवस अजून सहा तास आहे," तो म्हणाला.

टायपिंगच्या बाईंनी पर्स उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. बेकरीवाल्याने घड्याळ पाहिलं. ड्रायव्हर म्हणाला, "मी येतो घरापर्यंत." मग बेकरीवाला म्हणाला की त्याचा रस्ता तोच आहे. तो नव्हता. सायलेन्सर काही न बोलता जिना उतरू लागला.

रस्त्याने वरात निघाली. सगळ्यात मागे सासूबाई आणि ड्रायव्हर, मध्ये दोन हात अंतर ठेवून.

"खड्डा आहे, मास्तर. डावा गुडघा सांभाळा."

"माझा डावा गुडघा तुम्हाला काय माहीत? आपली ओळख नाही."

"चुकलं."

थोडं अंतर गेल्यावर सासूबाई समोर बघतच म्हणाल्या, "माझा एक ड्रायव्हर होता. चांगला होता. त्याने मला सांगायला हवं होतं."

"त्याची हिंमत झाली नसेल."

"मी काय खाल्लं असतं त्याला?"

"हो," ड्रायव्हर म्हणाला.

सासूबाईंनी यावर विचार केला आणि तो मुद्दा सोडून दिला.

बायकोने दार उघडलं. आधी तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला. मग जरा पुढे झुकून वास घेतला. गेली कित्येक वर्षं हे तिच्याकडून आपोआप घडत होतं. वास झाडूंचा आणि रद्दीचा येत होता. मग तिने मागची रांग पाहिली.

"आई, हे सगळे कोण?"

"मला काय माहीत? मी यांतल्या कोणालाच ओळखत नाही," सासूबाई म्हणाल्या. "चला, पुढे सरका. मागच्यांना जागा द्या."

बायकोने माणसं मोजली आणि मोठं पातेलं काढलं.

नऊला टायपिंगच्या बाई गेल्या, बेकरीवाल्याला पहाटे भट्टी लावायची होती म्हणून तो दहाला गेला, आणि सायलेन्सर कधी गेला ते कोणाच्या लक्षात आलं नाही. ड्रायव्हर राहिला. तो म्हणाला, मी बाहेरच्या खोलीत बसतो, मला बसून झोपायची सवय आहे.

सकाळी पेंटरला जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. तो बाहेरच्या खोलीत आला. ड्रायव्हरने खुर्ची दाराला टेकवली होती आणि पाय समोरच्या कपाटाला लावून रस्ता बंद केला होता. कोणाला बाहेर पडायचंच असतं, तर त्याच्यावरून चढून जावं लागलं असतं. तोंड उघडं टाकून तो घोरत होता.

पेंटरने त्याचा खांदा हलवला.

"उठा. उजाडलं."

ड्रायव्हरने एक डोळा उघडला. "कितवा?"

"एकविसावा," पेंटर म्हणाला, आणि पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, कारण हा आकडा त्याने यापूर्वी कधी उच्चारलाच नव्हता.

"मग चहा टाका," ड्रायव्हर म्हणाला. "आणि आधी माझे पाय खाली घ्या. दोन्ही मेलेत."